कोसंबींची चार पाने

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या वर्षी आमच्या इतिहास विभागाची सहल कुडा लेण्यांना गेली होती. माणगावहून कुडा फार दूर नाही. महामार्गाने इंदापूर गाठायचे, तिथून आत वळून तळा मागे टाकायचा, की राजपुरी खाडीच्या बाजूच्या डोंगरात ती सव्वीस लेणी दिसू लागतात. आजवर मी ती दोनदा पाहिली होती. पण पाहिली म्हणजे डबा खाल्ला आणि परत आलो, एवढेच. या खेपेस सरांनी आम्हांला शिलालेखांपाशी उभे केले. लेणी खोदायला कोणी दान दिले, हे त्यांत कोरलेले आहे. मांदाडच्या महाभोजांच्या घराण्यातील माणसे आहेतच, पण माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. हे सगळे इथे का आले, असे सरांनी विचारले. कोणालाच उत्तर देता आले नाही. मग त्यांनी खाली खाडीकडे बोट दाखवले आणि वर सह्याद्रीकडे. बंदरात माल उतरणार, घाट चढून देशावर जाणार. त्या वाटेवर ही लेणी आहेत. असे पाहायला आपल्याला दामोदर धर्मानंद कोसंबींनी शिकवले, असे सांगून सरांनी त्यांची पुस्तके वाचायला सुचवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझा आतेभाऊ सुट्टीवर घरी आला. तो कृषी महाविद्यालयात शिकतो. भाताच्या वाणांवरील त्याच्या प्रकल्पाचे कागद ओटीवर पसरलेले होते. त्यांतल्या एका तक्त्याच्या डोक्यावर मला ‘कोसंबी’ हे नाव दिसले. मला हसू आले. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाचे भाताच्या जनुकांत काय काम? आतेभाऊही हसला. त्याला वाटत होते की जनुकांचे अंतर मोजणाऱ्या माणसाचे नाव मी चुकून लेण्यांशी जोडतो आहे. दोन वेगळे कोसंबी असतील, असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले आणि जेवायला बसलो.

ते दोन नव्हते. एकच होते. हा लेख त्या शोधातून झाला आहे.

मित्रहो, मला हे सांगावेसे वाटले त्याला एक खाजगी कारणही आहे. मी बारावीला शास्त्र शाखेत होतो. गणितात नापास झालो आणि कला शाखेत आलो. आपल्याकडे कला शाखेत येणे म्हणजे काय समजले जाते ते तुम्हांला सांगायला नको. मी स्वतःही तेच समजत होतो. आकड्यांचे दार आपल्याला बंद झाले, आता सनावळ्या पाठ करायच्या, अशी मनाची समजूत घालून मी वर्गात बसत असे. कोसंबींचे चरित्र वाचताना ती समजूत पुष्कळ हलली.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ज्ञानासाठी घरदार सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे पायी आणि जहाजाने हिंडलेला हा माणूस. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावले होते. १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी बरोबर नेले. मुलगा तिथल्याच केंब्रिज गावात शाळा शिकला. १९२४ मध्ये शाळा संपवून तो भारतात आला, दोन वर्षे घरच्यांत राहिला आणि १९२६ मध्ये परत जाऊन हार्वर्डमध्ये दाखल झाला. १९२९ साली अत्युच्च श्रेणीत पदवी मिळवून तो मायदेशी परतला. पीएच. डी. त्याने कधीच केली नाही.

पुढचा प्रवास शिक्षकाचा आहे. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग १९३१ पासून अलीगढ. तिथे आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने त्यांना बोलावून घेतले होते. त्याच वर्षी नलिनी माडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. याच कॉलेजात त्यांच्या वडिलांनी पूर्वी पाली शिकवली होती. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. फर्ग्युसनमध्ये ते बारा वर्षे राहिले. या बारा वर्षांत एका गणिताच्या प्राध्यापकाने काय काय हाती घेतले ते पाहिले की छाती दडपते. भूमिती, संख्याशास्त्र, जुनी नाणी, भर्तृहरीची हस्तलिखिते. आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेला चार पानांचा एक निबंध.

हा निबंध लंडनच्या एका आनुवंशशास्त्रीय नियतकालिकात छापून आला. विषय होता, गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर कसे काढावे. आतेभावाच्या तक्त्यावरचे नाव तिथून आलेले. तो निबंध कशाबद्दल आहे हे समजून घ्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या. आतेभावाने समजावले, तसे मी इथे मांडतो.

आपल्या पेशीत गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. बीजपेशी तयार होताना या जोडीची फारकत व्हावी लागते, म्हणजे प्रत्येक बीजपेशीला जोडीतले एकेकच गुणसूत्र मिळते. पण फारकतीपूर्वी जोडीतले दोघे एकमेकांना बिलगतात आणि मधूनमधून तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली दोन जनुके कधी कधी एकमेकांपासून तुटतात. जितकी जवळ, तितकी क्वचित तुटणार. जितकी लांब, तितकी वारंवार. यावरूनच मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील स्टर्टव्हंट या विद्यार्थ्याने १९१३ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. शंभर संततींपैकी पाचांत दोन जनुके तुटलेली आढळली तर अंतर पाच एकके, असा साधा हिशेब.

हा हिशेब लांबच्या अंतराला फसतो. दोन जनुकांच्या मध्ये एकाऐवजी दोन अदलाबदली झाल्या, तर पहिलीने तोडलेले दुसरी पुन्हा जोडते आणि आपल्या मोजणीत काहीच दिसत नाही. म्हणजे मोजलेले अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. ही तूट भरून काढण्यासाठी इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र दिले. त्यांनी धरून चालले की अदलाबदली पावसाच्या थेंबांसारख्या पडतात. एक थेंब कुठे पडला याचा दुसऱ्याशी संबंध नाही.

प्रत्यक्षात संबंध असतो. एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी सहसा होत नाही. माझे वडील एस. टी. त वाहक होते. त्यांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी ते माझ्यापेक्षा लवकर ओळखले. माणगाव स्टँडवरून महाडची एक गाडी सुटली की लगेच दुसरी महाडची गाडी लावत नाहीत. मध्ये काही वेळ जाऊ देतात. गाड्या पावसासारख्या येत नाहीत, वेळापत्रकाने येतात. (निदान वडिलांच्या काळी येत असत.)

कोसंबींनी हीच गोष्ट गणितात बसवली. त्यांनी धरले की अदलाबदलीच्या अगदी शेजारी दुसरी होतच नाही. पुढे अंतर वाढत जाते तसा हा अटकाव सैल पडत जातो. जनुके इतकी लांब गेली की ती जणू वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच आहेत असे वाटावे, तेव्हा तो पूर्ण नाहीसा होतो. एवढ्या एका गृहीतकातून त्यांचे सूत्र निघते. फरक किती पडतो? शंभरात पाच तुटलेली आढळली तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर ५.३ एकके येते, कोसंबींच्या सूत्राने ५.०, फारसा फरक नाही. शंभरात वीस आढळली तर हाल्डेन २५.५ सांगतात, कोसंबी २१.२. तीस आढळली तर हाल्डेन ४५.८, कोसंबी ३४.७. हे आकडे मी स्वतः कागदावर सोडवून पाहिले. बारावीनंतर प्रथमच मी लॉगॅरिथमला हात लावला, हेही इथे कबूल करतो.

सूत्र नुसते वहीत पडून राहिलेले नाही. भात, गहू, मका यांचे जनुकीय नकाशे काढताना संगणकाला सांगावे लागते की हाल्डेनचे सूत्र घे किंवा कोसंबींचे घे. जगात कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत कोणीतरी रोज हे नाव निवडत असणार, आणि त्यांतल्या अनेकांना हा माणूस संस्कृत सुभाषितांचे संपादन करीत होता याची कल्पनाही नसेल.

गाड्यांमध्ये अंतर राखणारा तो ‘वाहतूक नियंत्रक’ पेशीत कोण, हे १९४४ मध्ये कोणालाच माहीत नव्हते. त्याचा माग लागला तो किण्वात, म्हणजे यीस्टमध्ये. पाव फुगवणारा आणि मद्य आंबवणारा हा एकपेशीय जीव. आपल्याकडे ताडी झाडावरून उतरवल्यावर काही तासांतच फसफसू लागते ती याच्या जातभाईंमुळे. शास्त्रज्ञांना तो प्रिय असण्याचे कारण असे की त्याच्या अर्धसूत्री विभाजनातून निघालेल्या चारही बीजुका एकाच पिशवीत बंद असतात. चारही काढून तपासता येतात. हिशेबातला एकही आणा हरवत नाही. त्याच्याकडे गुणसूत्रांच्या सोळा जोड्या होतात आणि फारकतीत एक जरी चूक झाली तर बीजुका मरतात किंवा विचित्र निपजतात.

अशा चुका करणारे किण्व निवडून, त्यांत कोणते जनुक बिघडले आहे ते शोधायचे, ही पद्धत. ‘स्पो-११’ हे जनुक नसेल तर गुणसूत्रात अदलाबदलीसाठी लागणारी पहिली चीर पडत नाही. अदलाबदल नाही म्हणून जोडी एकत्र बांधली जात नाही, आणि फारकतीच्या वेळी कोण कुठे गेला याला धरबंध राहत नाही. येथे मला प्रथम कळले की अदलाबदल ही नुसती गंमत नाही. ती जोडीतल्या दोघांना बांधणारी गाठ आहे. गाठ असेल तरच दोन्हीकडून ओढ बसून दोघे विरुद्ध दिशांना नीट जातात. गाठच नसेल तर दोघेही एकाच बाजूला जाऊ शकतात. माणसात असे एकविसाव्या गुणसूत्राचे झाले तर मूल डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला येते.

१९९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात शिर्लीन रोडर यांच्या प्रयोगशाळेने ‘झिप-१’ या किण्वातील जनुकाबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिलगलेल्या जोडीत चेनसारखी बसणारी प्रथिनांची पट्टी असते. तिचा एक भाग हे जनुक घडवते. ते बिघडवले तेव्हा अदलाबदली पूर्ण थांबल्या नाहीत, पण त्यांच्यामधला अटकाव नाहीसा झाला. थेंब पडावेत तशा त्या कुठेही होऊ लागल्या. काही जोड्यांना जवळजवळ दोन गाठी मिळाल्या, काहींना एकही नाही, आणि फारकतीच्या चुका वाढल्या. ‘एमएसएच-४’ या दुसऱ्या जनुकाच्या बिघाडानेही अदलाबदली घटून चुका वाढतात, असे त्याच वर्षी दिसून आले. ज्या अटकावाला कोसंबींनी पन्नास वर्षांपूर्वी गणितात जागा दिली होती, तो प्रत्येक जोडीच्या वाट्याला निदान एक गाठ यावी याच्याशी जोडलेला आहे, असे आता मानले जाते.

याला एक पुस्तीही आहे. किण्वाची दुसरी एक जात, जी मधोमध दुभंगून वाढते, तिच्यात हा अटकाव नसतो. तिच्यासाठी कोसंबींचे सूत्र लागू पडत नाही. तिथे हाल्डेनचे पावसाचे थेंबच बरोबर. सूत्राचा हा अपमान आहे असे मला वाटत नाही. कोणते सूत्र कुठे चालते हे त्या त्या जिवाकडे जाऊन मोजूनच ठरते, आणि मोजून पाहणे हाच तर कोसंबींचा स्वभाव होता.

त्यांच्या इतिहासलेखनात हा स्वभाव ठायी ठायी दिसतो. चांदीची आहत नाणी पंडितांनी खुणांवरून ओळखायची, असा रिवाज होता. कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि वजनाला घटते. मग नाण्यांच्या ढिगातली घट मोजली तर कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा अंदाज येईल. झीज कशी होते हे समजावे म्हणून त्यांनी आधी आपल्याच काळातली चालू नाणी तोलली, आणि मग तक्षशिलेच्या ठेव्यातील नाण्यांचा हिशेब मांडला. हा अभ्यास १९४१ च्या सुमाराचा, म्हणजे जनुकांच्या निबंधाच्या अगदी आगेमागे. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: डोळ्यांना दिसते ते थोडे, घडलेले जास्त, मग न दिसलेले कसे मोजायचे?

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. डेक्कन क्वीनने ते जात-येत. पुण्याच्या टेकड्यांवर पायी हिंडत, अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे गोळा करीत, खेड्यातल्या म्हसोबाला आणि तिठ्यावरच्या मातृदेवतांना प्रश्न विचारावेत तसे न्याहाळत. १९४८ मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह ‘सुभाषितरत्नकोश’ संपादला. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा मोठा ग्रंथ आला. राजांच्या याद्या बाजूला ठेवून नांगर, जमीन, वाटा आणि माणसे कशी जगली, येथून त्यांनी इतिहास सुरू केला. लेणी व्यापारी मार्गांवर का आहेत, विहारांचा त्या व्यापाराशी काय संबंध, हे त्यांनी कार्ल्याच्या डोंगरात पायांनी फिरून मांडले. सरांनी कुड्याला आम्हांला जे दाखवले, ते याच दृष्टीतून.

या चरित्राचा शेवट मात्र गोड नाही, आणि तो झाकणे बरे नव्हे. रीमान यांचे गृहीतक हा गणितातला जुना न सुटलेला प्रश्न. संभाव्यतेच्या मार्गाने आपण तो सोडवला असे कोसंबींना वाटले आणि १९५९ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. सिद्धता चुकीची होती. गणितज्ञांनी ती मानली नाही. शांतता चळवळीत ते होते, आणि अणुऊर्जेऐवजी सूर्यशक्तीकडे वळावे असे उघडपणे मांडत होते. संस्थेशी संबंध ताणत गेले आणि १९६२ मध्ये त्यांची मुदत वाढवली गेली नाही. त्याच वर्षी त्यांचे ‘मिथ अँड रिॲलिटी’ हे पुस्तक आले. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ १९६५ मध्ये आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. साठीही गाठली नव्हती. २००८ मध्ये सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

इतक्या मोजून-मापून चालणाऱ्या माणसाची सर्वांत मोठी झेप चुकावी, हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होतो. मग मनात आले, चार पानांचा तो निबंध आणि ती फसलेली सिद्धता एकाच माणसाच्या एकाच धाडसातून आलेली आहेत. आपला विषय कोणता, हे त्यांनी दुसऱ्या कोणाला ठरवू दिले नाही. त्याची किंमतही त्यांनीच भरली. मी एका पेपरात नापास झालो म्हणून आयुष्यभराचे दार लावून घेत होतो, त्या मानाने ही किंमत फार मोठी होती.

परवा आम्ही चौघे पुन्हा कुड्याला गेलो. या वेळी डबा नंतर खाल्ला. सरांनी दिलेल्या वाचनाच्या प्रती हातात घेऊन आम्ही वहीत रकाने आखले: दाता कोण, व्यवसाय काय, दान कशाचे, स्त्री की पुरुष. वडिलांच्या जुन्या वे-बिलासारखी ती वही दिसते, असे मला वाटले. वडिलांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली. एका ठिकाणी माझा हातचा राहिला होता. तो आता दुरुस्त केला आहे. वही विभागात ठेवली आहे. ज्यांना पुढचे रकाने भरायचे असतील त्यांनी जरूर यावे.